वाकडी अक्षरं

मैत्रिणींनो, गेल्या उन्हाळ्यात फळ्यावर लिहिताना माझी अक्षरं वाकडी येऊ लागली. मुलं खुदकन हसली, मी मात्र हादरले. मनाच्या आजाराची जुनी गोळी बदलून डॉक्टरांनी लिथियम सुरू केलं, त्याला ३ आठवडे झाले होते. हात थरथरायचा, सारखी तहान लागायची. वाटलं, द्यावी सोडून! सासूबाई म्हणाल्या, "अगं, आपल्या मनानं बंद करू नकोस. डॉक्टरांना विचार."

मग वहीत रोज टिपू लागले: गोळी कधी, झोप किती, हात कधी कापतो. वही घेऊन संगमनेरहून नगरला गेले. डॉक्टरांनी रक्त तपासून मात्रा कमी केली. बरं वाटावं म्हणून नवस बोलून मी महिनाभर अळणी जेवत होते, हे तेव्हा सांगितलं! घाम फार गेला, पाणी-मीठ कमी पडलं, की हे औषध रक्तात वाढतं. उलट्या, जुलाब, तोल जाणं दिसलं तर लगेच दवाखाना गाठायचा.

डॉक्टरांच्या सल्ल्यानं पूर्वीसारखं जेवते, शाळेत पाण्याची बाटली नेते. अक्षर अजून जरा हलतं, मन मात्र स्थिर आहे. औषध बदललं तर तुम्हीही वही कराच, आणि नवससुद्धा डॉक्टरांपासून लपवू नका. मन फारच घाबरलं तर १४४१६ हा 'टेली मानस'चा सरकारी फोन रात्रंदिवस, मोफत आहे.