पुंगळी

परवा गल्लीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरत होता. रस्त्यावर जप्त केलेले सायलेन्सर ओळीनं मांडलेत, कडेला पोलीस उभे आणि वरून रोड रोलर चाललाय. खाली टाळ्यांचे इमोजी, कुणीतरी लिहिलेलं, "असंच पायजे ह्यास्नी." मीही अंगठा दिला. पाच मिनिटांनी काढून घेतला. कारण आमच्या माळ्यावर पोत्यात गुंडाळलेला तसलाच एक सायलेन्सर पडला होता, आणि तो माझा होता.

तर आज हे लिहून टाकतो. लांबेल, पण वाचा.

गाडी अण्णांची. १९८८ ची बुलेट साडेतीनशे, त्यांनी सेकंडहँड घेतलेली. अण्णा एसटीच्या वर्कशॉपातनं रिटायर झाले. उजव्या पायात गिअर, डाव्या पायात ब्रेक, किक मारायच्या आधी अँमीटरचा काटा मध्यावर आणायचा आणि मगच लाथ घालायची. काटा मध्यावर नसताना किक मारली तर गाडी पायाला असा उलटा झटका द्यायची की दोन दिवस लंगडत फिरायचं. जुन्या बुलेटवाल्यांना हे सांगायला नको.

ह्या इंजिनाचा आवाज का वेगळा, हे मला अण्णांनी लहानपणी समजावलं होतं. एकच सिलिंडर, पिस्टनची रुंदी ७० मिलिमीटर आणि खालीवर धाव ९० मिलिमीटर. फोर स्ट्रोक, म्हणजे क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच बार. त्यात आयडलिंग मंद. म्हणून प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो. कंपनीच्या लांब सायलेन्सरच्या आत पडदे असतात, ते ठोक्याची धार काढतात आणि बाहेर नुसता घुमार येतो. अण्णा कामावरून येताना गाडी कोपऱ्यावर वळली की आई चहाचं आधण ठेवायची, इतपत तो आवाज ओळखीचा होता. पण कोपऱ्याच्या पलीकडच्या कुणाला त्याचा त्रास नव्हता.

२०१४ साली तो सायलेन्सर खालून कुजला. उद्यमनगरातल्या आमच्या मिस्त्रींनी दोनदा ठिगळ मारून दिलं, पण दिसायला अगदीच भिकार दिसायचं. मला नुकती नोकरी लागलेली, गाडी घासूनपुसून फोटो टाकायची हौस. म्हणजे सुरुवात आवाजापासनं झाली नाही, दिसण्यापासनं झाली. दुकानात गेलो तर भिंतभर सायलेन्सर. इंदोरी, पंजाबी, डॉल्फिन, मेगाफोन. मूळ लांब सायलेन्सर मागितला तर मालक हसला. "भावा, ते आता कोण ठेवतंय?" मी आखूड, चकचकीत, मागं निमुळता असा एक उचलला. १८०० रुपये. खोक्यावर बारीक अक्षरात छापलेलं, फक्त रेसिंगसाठी. मालक म्हणाला, "आत पुंगळी हाय. नको वाटली तर एक बोल्ट काढला की बाहेर." ही सोय बघून मी काय समजायचं ते समजलो. तिसऱ्या दिवशी बोल्ट काढला.

खोटं कशाला बोलू, पहिले काही दिवस जगात भारी वाटलं. रंकाळ्याच्या कडेनं दुसऱ्या गिअरात नुसता अॅक्सिलरेटर सोडला की मागं फाट फाट फुटायचं आणि कट्ट्यावरची पोरं माना वळवायची. आयुष्यात त्याआधी माझ्याकडं बघून कुणी मान वळवली नव्हती. जे आज असल्या गाड्या उडवतात त्यांना मी नुसतं "टवाळ" म्हणून सोडून देऊ शकत नाही, ते ह्याच्यामुळं.

अण्णा तेव्हा एकच वाक्य बोलले. "आता तुला गाडी ऐकू यायची नाही."

मला वाटलं, म्हातारा माणूस, असंच बोलणार.

पुंगळी काढली की गाडी जास्त पळते, हा आपल्याकडचा पक्का समज. धूर मोकळा निघतो हे खरं, पण कार्बोरेटरचा जेट तोच राहिला तर पेट्रोलच्या मानानं हवा जास्त होते. इंजिन तापतं. माझ्या गाडीचा प्लग तपकिरी असायचा तो पांढरा पडायला लागला. हेडमधून निघणाऱ्या बेंड पाइपचा क्रोम निळा झाला. मी तो निळा रंग कौतुकानं दाखवत फिरलो! ते फाट फाट फुटणं म्हणजेसुद्धा न जळालेलं पेट्रोल तापलेल्या नळीत जाऊन पेटणं. काही पोरं ते मुद्दाम करतात, चालत्या गाडीत चावी बंद करून परत चालू करायची. आपण ज्याला पॉवर समजतो ती सायलेन्सरमध्ये जळत असते.

आठ महिन्यांनी रत्नागिरीहून येताना आंबा घाटाच्या चढाला गाडीनं मान टाकली. मित्राला फोन केला, टेम्पो आला, रात्री दोनला घरी. मिस्त्रींनी इंजिन खोललं. ऑइल पंप झिजलेला, क्रँकला ऑइल पोचत नव्हतं, बिग एंडचा बुश पार खाल्लेला. चौदा हजार रुपये आणि तीन आठवडे. मिस्त्री हात पुसत म्हणाले, "ह्ये एका दिवसात हुत न्हाई. किमान दोनशे किलोमीटर खडखडली असणार. तुमास्नी ऐकू आली न्हाई?"

अण्णा शेजारी उभे होते. काही बोलले नाहीत. मान हलवून चहा सांगायला गेले.

अण्णांच्या वर्कशॉपात गाडी डेपोत शिरतानाच कुठला बेअरिंग गेलाय हे माणसं कानानं सांगायची. जुन्या बुलेटचं टॅपेट वाजायला लागलं की कळतं, चेन ढिली झाली की कळतं. ऐकणं हाच अर्धा मेंटेनन्स. मी आठशे-हजार किलोमीटर स्वतःच्या गाडीवर बहिरा होऊन बसलो होतो.

पण मला खरं लागलं ते पुढचं.

शेजारच्या काकी सीपीआरमध्ये नर्स होत्या. नाइट असली की सकाळी साडेआठला घरी यायच्या आणि झोपायच्या. आता मी स्वतःला फार सभ्य समजायचो. रात्री दहानंतर गाडी कोपऱ्यावर बंद करून ढकलत आणायचो. कुणाला त्रास नको! आणि सकाळी साडेनऊला त्याच काकींच्या खिडकीखाली पाच मिनिटं गाडी तापवायचो. त्या एका शब्दानं कधी बोलल्या नाहीत. उलट भेटल्यावर "बाळ, जेवलास का" विचारायच्या. गाडी मिस्त्रींकडं असताना तिसऱ्या आठवड्यात आई सहज म्हणाली, "काकी विचारत होत्या, गाडी विकली काय? म्हणाल्या, लई दिवसांनी झोप लागायला लागली बघा."

गाडी परत आली तेव्हा मूळ पद्धतीचा लांब सायलेन्सर लावूनच आली. तो शोधायला मिस्त्रींनी दोन भंगारवाले पालथे घातले.

आता त्या रोड रोलरकडं येतो. कायदा काय सांगतो ते एकदा बघा. प्रत्येक गाडीला आवाज कमी करणारा सायलेन्सर हवाच, हे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे. १७५ सीसीच्या वरच्या दुचाकीला साडेसात मीटरवरून मोजून ८० डेसिबलची मर्यादा. राहत्या वस्तीत एकूण आवाजाची मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५. दवाखाना, शाळा, कोर्टाभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र, तिथं ५० आणि ४०. दहा डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दहापट होते, हे लक्षात घ्या. आणि मी गुन्हा करत होतो तेव्हा पहिल्या वेळचा दंड हजार रुपये होता, २०१९ च्या दुरुस्तीनं तो दहा हजारांपर्यंत गेला, वर तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे कायदा काही दुबळा नाही.

पण चौकात आवाज मोजायचा मीटर मी तरी कधी पाहिला नाही. हवालदार कानानं ठरवतो. ज्याच्या मागं फोन करणारं कुणी आहे त्याचा आवाज कमी येतो. निवडणुकीच्या निकालादिवशी गुलालात पुंगळ्या काढलेल्या पन्नास गाड्या एका ओळीत जातात, फुटबॉलची मॅच जिंकल्यावर जातात, तेव्हा त्याच चौकात बंदोबस्ताला पोलीस उभे असतात. त्या दिवशी रोलर कुठं असतो? आणि ज्या दुकानातून हा माल निघतो तिथली भिंत तशीच भरलेली. आज शंभर सायलेन्सर चिरडले की उद्या शंभर गिऱ्हाईक तयार. दुकानदाराला ह्याहून चांगली जाहिरात कोण करून देणार?

२०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत तर गोष्ट आवाजापुरती नाही. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर एक्झॉस्टच्या नळीतच असतो. सायलेन्सरबरोबर तोही कापून टाकतात, आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. पोरांवर कारवाई करा, माझ्यावर झाली असती तरी चाललं असतं. पण आठवड्यातनं एक दिवस काउंटरवर जा. कुठली दुकानं, हे गल्लीतलं शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल. नगरसेवक ही पोस्ट वाचतात हे मला माहीत आहे, मागच्या गटारीच्या पोस्टवर फोन आला होता.

राहिला माळ्यावरचा. गेल्या महिन्यात पलीकडच्या गल्लीतला एक पोरगा आला. "दादा, तुमच्याकडं एक पडलाय म्हणं. पंधराशे देतो." पंधराशे काही वाईट नव्हते. दोन दिवस विचार केला. मग व्हिडिओ बघितल्यावर खाली काढला आणि उद्यमनगरात नेऊन ग्राइंडरनं उभा चिरून घेतला. आत बघायची उत्सुकताही होती. एक सरळ भोकाभोकाची नळी आणि तिच्याभोवती काळी पडलेली, जळून चुरा झालेली काचेची लोकर. पडदा नाही, कप्पा नाही, काही नाही. अठराशे रुपयांत मी हे घेतलं होतं.

दोन्ही तुकडे भंगारात देऊन घरी आलो. अण्णा आता नीट ऐकू येत नाही म्हणून कानाला हात लावून बसतात. त्यांना मोठ्यानं सांगितलं.

"किलोला किती दिलं?" त्यांनी विचारलं.