डावा फेंडर

गेले तीन वीकेंड इथे काही लिहिलं नाही. आळस हे नेहमीचं कारण यावेळी नव्हतं. डाव्या अंगठ्यावर हातोडी बसली होती आणि स्पेसबार दाबला की ब्रह्मांड आठवत होतं. ऑफिसमध्ये 'दारात सापडला' असं सांगून टाकलं. खरं सांगितलं असतं तर आणखी दहा प्रश्न आले असते. पण तुमच्यापासून काय लपवायचं? मी सध्या डेंटिंग शिकतोय.

हो, तेच. गाडी ठोकली की आपण जिथे नेतो तिथलं.

मी कागदोपत्री मेकॅनिकल इंजिनिअर. चार वर्षं थर्मो, स्ट्रेंथ ऑफ मटेरियल, मशीन ड्रॉइंग वगैरे केलं आणि कॅम्पसमधून थेट जावा लिहायला बसलो. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये पत्र्याचा एक ट्रे केला होता, तोही निम्मा तिथल्या मामांनी (त्यांचा चहा आमच्याकडे असायचा). तेवढाच काय तो लोखंडाशी संबंध. नोकरी पुण्यात, घर गुलमंडीत, आणि मधे शुक्रवार रात्रीची बस.

तर, घरी 1986 ची एक प्रीमियर पद्मिनी आहे. आजोबांनी घेतलेली. त्यांचं कासारी बाजारात तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान होतं, आणि 'हंडे विकून गाडी घेतली' हे वाक्य आमच्याकडे अजून लग्नाकार्यात ऐकायला मिळतं. गुलमंडीत दिवसा स्कूटर वळवायची म्हटली तरी दोन माणसांना 'जरा सरका' म्हणावं लागतं, तिथे ही बाई कुठे उभी राहणार? म्हणून ती वर्षानुवर्षं सिडकोत काकांच्या दारात असते. दोन वर्षांपूर्वी तिथेच एका पाण्याच्या टँकरने रिव्हर्स घेताना तिचा डावा फेंडर हेडलाईटपासून चाकापर्यंत आत दाबला. (आमच्या शहरात नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे ज्यांना माहीत आहे, त्यांना टँकरबद्दल वेगळं सांगायला नको.)

नवा फेंडर मिळेना. पद्मिनीचं उत्पादन 2000 च्या सुमारास थांबलं. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सीसुद्धा 2023 च्या ऑक्टोबरअखेर गेल्या. जुन्या बाजारात सापडले ते दोन्ही फेंडर आमच्यापेक्षा वाईट. बाबा एके दिवशी शांतपणे म्हणाले, "भंगारात देऊन टाकू. किती दिवस काकाच्या दारात अडचण करायची?" मी म्हटलं, थांबा, मी काहीतरी करतो.

माझं 'काहीतरी' भलतंच होतं. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात हौशी लोक असतात. आठवडाभर नोकरी करतात आणि शनिवारी घरामागच्या शेडमध्ये सपाट पत्र्यातून अख्ख्या गाडीची बॉडी हाताने घडवतात. हातोडी, वाळूची पिशवी आणि इंग्लिश व्हील. हे व्हील म्हणजे एकावर एक दोन चाकं, मधून पत्रा पुढेमागे सरकवत गोलाई आणायची. ते बघून मी पद्मिनीचं छप्पर कापलं होतं. लॅपटॉपवर, घाबरू नका. लांब नाक, दोन सीट, मागे उतरती शेपटी. रेंडर करून डेस्कटॉपवरसुद्धा लावलं होतं.

मग कायदा वाचला. मोटार वाहन कायद्याचं कलम 52. कंपनीने दिलेल्या आणि आरसी बुकात नोंदलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका खटल्यात हे अगदी स्पष्ट केलं. सीएनजी किट वगैरे परवानगीने चालतं, पण छप्पर उडवून टू-सीटर? विसरा. बरं, गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवावी, तर 2021 च्या नियमांप्रमाणे ती पन्नास वर्षांपेक्षा जुनी हवी, आणि तिथेही चॅसिसमध्ये किंवा बॉडीत मोठा फेरफार केलेला चालत नाही. म्हणजे अजून दहाएक वर्षं थांबायचं, आणि थांबूनही कापायचं नाहीच.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याचे दत्तात्रय लोहार आठवतात का? (देवराष्ट्रे म्हणजे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव.) त्यांनी भंगारातले सुटे भाग जमवून सुमारे साठ हजारांत एक छोटी चारचाकी बनवली, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी. 2021 च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी त्यांचं कौतुक केलं, ही नियमात बसत नाही आणि आज ना उद्या अडवतील हेही म्हणाले, आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी 2022 मध्ये बोलेरो मिळाली. सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. पण खरं सांगू का, मला त्यात थोडं वाईटही वाटलं. ज्या माणसाने स्वतः गाडी घडवली त्याला आपण बक्षीस काय दिलं, तर कारखान्यातली गाडी. रस्त्यावरच्या सुरक्षेसाठी नियम हवेतच, माझा त्याला विरोध नाही. पण हौशी माणसासाठी एखादी चिंचोळी वाट तरी हवी होती. असो.

तर उरलं काय? होती तशी करणं. आणि त्यासाठी मी चाचांकडे पोचलो.

चाचांचं शेड जाफर गेटच्या पलीकडे. वय सत्तरीच्या आसपास, एका कानाने कमी ऐकू येतं (पन्नास वर्षं पत्रा ठोकल्यावर दुसरं काय होणार). मी पद्मिनीचे फोटो दाखवले, मग उत्साहाने लॅपटॉपवरचं टू-सीटरचं चित्रही दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "ये तो बाद में. पहले एक टमरेल बना के दिखाओ." पुढचे तीन शनिवार मला पद्मिनीला हात लावू दिला नाही. एका टेम्पोचा चेपलेला दरवाजा समोर टाकला. "इसको सीधा करो."

एव्हाना कळलं होतं की असा वेडा मी एकटाच नाही. जावाची टाकी स्वतः सरळ करणारे एक दातांचे डॉक्टर तिथे येतात (डेंटिस्ट आणि डेंटर हा विनोद सगळ्यांचा करून झालाय), एक बँकवाले त्यांच्या जुन्या जीपचं बॉनेट घेऊन येतात, आणि पॉलिटेक्निकचे एक सर नुसते बघायला येतात आणि सगळ्यांना सल्ले देतात. क्लब नाही, वर्गणी नाही. चहाचे पैसे ज्याचं काम बिघडेल त्याने द्यायचे. गेल्या दोन महिन्यांत बहुतेक मीच दिलेत.

आता जरा तांत्रिक. नारळाला वर्तमानपत्र गुंडाळून बघा. नळीसारखं गुंडाळता येतं, पण नारळाच्या गोलाईवर चापून बसत नाही, सुरकुत्या पडतातच. पत्र्याचंही तेच. एका दिशेने वाकवणं कुणालाही जमतं. एकाच वेळी दोन दिशांना गोलाई हवी असेल, पद्मिनीच्या हेडलाईटवरच्या डोळ्याच्या पापणीसारखी, तर पत्रा कुठेतरी ताणून पातळ करावा लागतो नाहीतर कुठेतरी आकसून जाड. दुसरा मार्ग नाही. मोठ्या कारखान्यात हे काम साचा आणि प्रेस काही सेकंदांत करतात. हाताने तेच करायचं तर ठोक्यामागून ठोका.

ताणणं सोपं. आतून डॉली धरायची, बाहेरून हातोडी, मधला पत्रा चिरडून पसरतो. आकसवणं ही खरी जादू. चाचा गॅसच्या ज्योतीने रुपयाएवढा ठिपका लालबुंद करतात, त्यावर चार हलके ठोके आणि लगेच ओलं फडकं. चुर्र! तापलेला ठिपका पसरू बघतो, पण भोवतीचा थंड पत्रा त्याला पसरू देत नाही, म्हणून तो जागच्या जागी जाड होतो. गार होताना आक्रसतो आणि आजूबाजूचा ढिला पत्रा ओढून घेतो. थर्मल एक्स्पान्शनचं समीकरण मी परीक्षेत सोडवलंय, पण असा चुर्र आवाज त्या पेपरात कधी आला नव्हता.

आणि हे सगळं चाचा डोळ्यांनी नाही, तळहाताने बघतात. फडकं घालून हात फिरवतात आणि खडूने खुणा करतात: इथे वर, इथे खाली. मला तिथे काहीही लागत नाही. त्यांचा मुलगा शेंद्र्याच्या एका कारखान्यात क्वालिटीत आहे. तोही दिवसभर हातमोजा घालून नव्याकोऱ्या दरवाज्यांवरून तळहात फिरवतो म्हणे. हातोडी मात्र कधी धरली नाही त्याने. चाचांना त्याचं काही नाही. "उसकू पीएफ है," एवढंच म्हणतात.

काम तसंही उरलेलं नाही. विम्याची गाडी थेट कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जाते, तिथे पॅनेल सरळ करण्यापेक्षा बदलतात. आताच्या गाड्यांत हाय-स्ट्रेंथ स्टील असतं, त्याला ज्योत लावली तर त्याची ताकदच जाते. बंपर तर प्लास्टिकचेच. त्यात शेडची जागा मालकाला हवी आहे. चाचांनी दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतलीय.

मागे वाचलं होतं, पन्नासच्या दशकातल्या फेरारीच्या बॉडी मोडेनाच्या सर्जिओ स्काग्लिएत्तीने अशाच वाळूच्या पिशव्यांवर ॲल्युमिनियम ठोकून घडवल्या. त्याचीही सुरुवात ठोकलेल्या गाड्या सरळ करण्यातून झाली होती. चाचांना हे सांगितलं. त्यांनी विचारलं, "उसका शेड खुद का था क्या?"

चौथ्या शनिवारी डावा फेंडर माझ्या पुढ्यात आला, आणि मी माती केली.

चाचा नमाजला गेले होते. हेडलाईटच्या वरची पापणी जवळजवळ आली होती, थोडी कसर होती. मी ठोकत राहिलो. पत्रा ताणला जाऊन ढिला झाला, दाबला की डब्याच्या झाकणासारखा टक्-टक् करायला लागला. थांबायला हवं होतं. मी उलट जोरात मारलं. एक अंगठ्यावर बसली (हीच ती), आणि पुढच्या ठोक्याला पत्रा चिरला. दोन बोटं लांब चीर.

चाचा आले, बघितलं, काही बोलले नाहीत. तेच जास्त लागलं. घरी बाबांना सांगितलं तेव्हा ते पेपर वाचत होते. पेपर खाली न ठेवता म्हणाले, "उद्या मीपण येतो." मला वाटलं, झालं, आता भंगारवाल्याला बरोबरच घेऊन येणार.

रविवारी बाबा शेडमध्ये आले. चिरेवरून नख फिरवलं आणि मला विचारलं, "मधे भाजून घेतलं होतंस का?"

मी बघतच राहिलो. बाबा आयुष्यभर गल्ल्यावर बसलेले, त्यांच्या हातात हातोडी मी कधी पाहिली नाही. पण लहानपणी दुकानामागे कारागीर हंडा ठोकताना मधेमधे तांबं लाल करून पाण्यात टाकायचे, हे त्यांनी रोज पाहिलं होतं. ठोकून धातू कडक होतो, मग तडकतो. पुन्हा मऊ करायचा तर भाजायचा. तिसऱ्या सेमिस्टरला वर्क हार्डनिंगवर मला आठपैकी सात मार्क होते! पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत एकदा मुद्दाम गेलो होतो, तिथेही हेच चाललेलं बघितलं होतं, फोटो काढले होते. बघून सगळं झालं होतं. हातोडी हातात आल्यावर एकही गोष्ट आठवली नाही.

चाचा बाबांना म्हणाले, "सेठ, तांबे को पानी चलता. इसकू हवा में ठंडा होने देना." मग दोघंजण अर्धा तास तांबं, पितळ, जुने कारागीर आणि कोण कुठे गेलं यावर बोलत बसले. बाबांना इतकं बोलताना मी फार दिवसांनी ऐकलं. चहाचे पैसे अर्थात मी दिले.

चिरलेला तुकडा कापून टाकला. वीस गेजच्या नव्या पत्र्यातून तळहाताएवढी पापणी मी घडवली. दोन वाया गेल्या, तिसरी बसली. वेल्डिंग चाचांनी केलं. पुट्टी मागितली तर म्हणाले, "पाउडर बाद में, पहले चेहरा ठीक करो," आणि आणखी एक अख्खा शनिवार फाइल मारायला लावली.

आता फेंडर राखाडी प्रायमरमध्ये आहे. जोड डोळ्यांना दिसत नाही, तळहाताला लागतो. मलाही लागतो आता. बाबा काकांकडे गेले की तिथे हात फिरवून येतात, असं काकू सांगत होती. भंगाराचा विषय परत निघालेला नाही. परवा फोनवर एवढंच विचारलं, "क्रीम रंग तोच मिळेल ना रे?"

मागचा डावा दरवाजा आणि डिकी राहिलीय. दिवाळीला सात शनिवार आहेत, त्यातल्या एका शनिवारी आमचं रिलीज. मॅनेजरला अजून सांगितलेलं नाही, पण शुक्रवारची साडेअकराची बस बुक केलीय.