पाण्याच्या आधी पोचलेला फोन

कोल्हापुरात मंगळवार पेठेत ‘पाण्याचा खजिना’ नावाचा भाग आहे. रिक्षावाल्याला एवढंच सांगितलं तरी पुरतं. बाहेरच्या माणसाला वाटतं, हे नाव एखाद्या कवीनं ठेवलं असणार. ते पडलंय पाणी साठवायच्या जागेवरून. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत शहराच्या दक्षिणेला कळंब्याला बांध घातला गेला, कात्यायनीच्या डोंगराकडून येणारं पाणी अडवलं गेलं आणि नळानं शहरात नेलं गेलं. ना मोटर, ना वीज. तलाव उंचावर, शहर खाली, एवढ्या भांडवलावर.

मी त्या तलावाच्या गावची. आज लोक तिथं सकाळी फिरायला येतात, रील काढतात, कणीस खाऊन परत जातात. माझी आज्जी लग्न होऊन इथं आली साठच्या दशकात. तेव्हा कळंब्याचं पाणी नळानं शहरात जात होतं आणि कळंब्यातली आज्जी आडावरून घागरी आणत होती. पहाटे दोन खेपा, संध्याकाळी तीन, कुणी पाहुणा आला की आणखी एक. तिच्या टाळूवर चुंबळ बसायची तिथले केस कायमचे विरळ झालेत. थोरली आत्या चौथीनंतर शाळेत गेली नाही. घरात कुणाचा विरोध नव्हता, मास्तरही चांगले होते. पण आज्जी शेतात गेल्यावर पाणी भरायला दुसरं कुणी नव्हतं. आमच्या गल्लीत नळ आला तेव्हा आत्याचं लग्न होऊन तिला दोन मुलं झाली होती.

रॉबर्ट गॉर्डन नावाचे एक अमेरिकी अर्थतज्ज्ञ आहेत. २०१२ सालच्या एका निबंधात त्यांनी वाचकांपुढे दोन पर्याय ठेवले होते. पहिला : २००२ पर्यंतचं सगळं तंत्रज्ञान तुमचं, घरातला नळ आणि संडासही तुमचा, पण त्यानंतर निघालेलं काहीही वापरायचं नाही. दुसरा : फेसबुक, ट्विटर, आयपॅड, नंतरचं सगळं तुमचं, पण घरात नळ नाही आणि संडासही नाही. गॉर्डन यांचं म्हणणं असं की १८७० ते १९७० या शंभर वर्षांत माणसाचं रोजचं जगणं जेवढं बदललं, तेवढं त्यानंतर बदललेलं नाही, आणि पुढं बदलेल याची खात्रीही नाही. त्यांचा हिशेब अमेरिकेचा आहे. आपल्याकडं ती शंभर वर्षं अजून सगळ्यांच्या दारात पोचलेली नाहीत, हा फरक ध्यानात ठेवायला हवा.

मी हा प्रश्न कॉलेजच्या ग्रुपवर टाकला. बऱ्याच जणांनी फोन निवडला, दोघांनी रडणारा इमोजी. मग आज्जीला विचारलं. ती म्हणाली, “फोन ठेव की. पाणी काय, तू आणशील.”

मला हसू आलं. पण त्या उत्तरात गॉर्डन यांच्या प्रश्नात न आलेली एक गोष्ट होती : पाणी आणणार कोण? ग्रुपवर फोन निवडणाऱ्यांतल्या एकानंही घागर स्वतःच्या डोक्यावर धरली नव्हती.

ऑगस्ट २०१९ मध्ये हा प्रश्न आमच्या घरात येऊन राहिला. पंचगंगेचा पूर शाहूपुरीत शिरला आणि कुंभार गल्लीतली मावशी, तिची दोन मुलं, सासू असे सगळे आमच्याकडं कळंब्याला आले. आम्ही उंचावर. माणसं चार, फोन पाच. महामार्ग बंद, दूध नाही, पेट्रोलला रांगा, आणि नदीकाठची उपसा केंद्रं पाण्याखाली गेल्यामुळं शहराच्या नळांना पाणीच नाही. सगळीकडं पाणी आणि प्यायला टँकर! मावशीची मुलं पुराचे व्हिडिओ बघत होती, स्वतःच्याच गल्लीचे. नेटवर्क मध्येमध्ये जायचं, पण यायचं. नळ मात्र कितीतरी दिवस आला नाही. मावशी चौथ्या दिवशी म्हणाली, मला फक्त डोक्यावरून अंघोळ करायची आहे, बाकी काही नको.

त्याच महिन्यात, १५ ऑगस्टला, जलजीवन मिशनची घोषणा झाली. तेव्हा देशातल्या ग्रामीण भागात साधारण सहा घरांपैकी एका घरात नळ होता. स्वस्त डेटा येऊन तोवर तीन वर्षं होत आली होती.

कोल्हापूरची थेट पाईपलाईन आमच्या पिढीनं शाळेपासून ऐकलीय. दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणातून सुमारे ५३ किलोमीटर पाईप टाकून शहराला स्वच्छ पाणी आणायचं, ही मागणी माझ्या जन्माच्या आधीची. काम सुरू झालं २०१४ मध्ये, पाणी आलं २०२३ च्या दिवाळीत. मधल्या काळात आमच्या खिशात काय काय झालं बघा. काम सुरू झालं तेव्हा मी थ्रीजीवर गाणं डाऊनलोड व्हायची वाट बघत बसायचे. २०१६ ला जिओ आलं, २०२२ मध्ये फाइव्ह जी आणि वर्ष संपता संपता चॅटजीपीटी. पाणी पुईखडीला पोचलं तेव्हा मशीन मराठीत कविता करत होतं. (वाईट करत होतं, पण करत होतं.)

याचं कारण सगळे भ्रष्टाचार म्हणून सांगतात, किंवा आळस. मला ते अपुरं वाटतं. फोन मी एकटी विकत घेऊ शकते. शेजाऱ्याची परवानगी लागत नाही, त्याचं शेत मध्ये येत नाही. कळंब्याला मध्यवर्ती कारागृह आहे. तिथं मोबाईल सापडल्याच्या, भिंतीवरून पुडकी आत फेकल्याच्या बातम्या आम्ही अधूनमधून वाचतो. फोन तुरुंगाची भिंत ओलांडतो. पाईपला मात्र साधी हद्द ओलांडायला वर्षं लागतात, कारण वाटेत प्रत्येक गावात कुणीतरी रास्तपणे विचारतं, आमच्या उशापासून पाणी जाणार, आम्हाला काय? इचलकरंजीचं बघा. २०१२ मध्ये तिथं काविळीची साथ आली, माणसं गेली. त्यानंतर वारणेचं पाणी आणायचं ठरलं तर वारणाकाठानं विरोध केला, दूधगंगेचं ठरलं तर कागलकडच्या गावांनी. दोन्हीकडं शेतकरीच, दोन्हीकडं भीती खरी.

आमचंही तेच. कळंबा शहराला चिकटलंय, तरी कारभार ग्रामपंचायतीचा. महापालिका १९७२ मध्ये झाली आणि शहराची हद्द त्यानंतर दशकानुदशकं जागची हलली नाही. हद्दवाढ म्हटलं की गावं म्हणतात घरफाळा वाढेल, शहर म्हणतं सोयी फुकट वापरता. मला दोन्ही बाजू पटतात आणि म्हणून कुठलाच मोर्चा धड जमत नाही.

माझं काम पुण्यातल्या एका कंपनीसाठी, घरूनच. ग्राहकांच्या तक्रारींना चॅटवर मराठीत उत्तरं लिहायची. आता उत्तराचा मसुदा एआय करतं, मी फक्त ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ हे वाक्य माणसासारखं करते. दोन वर्षांनी तेही ते करेल. त्याची भीती वाटते, खोटं कशाला बोलू. पण भविष्याबद्दलचे जे पॉडकास्ट मी ऐकते, त्यांत सगळे विचारतात मशीन किती हुशार होईल. गळती कुठं आहे ते मशीन उद्या सांगेलही. रस्ता खणायचा कुणी, खर्च वाटून घ्यायचा कसा, आधी कुणाच्या गल्लीत पाणी सोडायचं, याला हुशारी पुरत नाही. आत्याच्या वेळीही पुरली नसती. उतारावरून पाणी कसं न्यायचं हे तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. तिच्या गल्लीला ते द्यायचं कुणी ठरवलं नव्हतं.

आमच्या अपार्टमेंटमध्ये सोळा फ्लॅट आहेत. बोअरचं पाणी क्षाराचं, उन्हाळ्यात तेही दमतं. गच्चीवरचं पावसाचं पाणी बोअरमध्ये सोडायचं आणि खाली एक सामाईक फिल्टर बसवायचा, असा प्रस्ताव मी गेल्या रविवारी मांडला. घरटी सहा हजार. अकरा जणांकडं स्वतःचा आरओ आहे, एकेकाचा बारा-पंधरा हजारांचा. सगळे म्हणाले, कल्पना छान आहे, पण माझ्याकडं आहे की. सेक्रेटरी काकांनी विषय पुढच्या सभेवर ढकलला.

तोवर मी दारोदार जाऊन बोलायचं ठरवलंय. ग्रुपवर लिहिलं की लोक अंगठा देतात, पैसे देत नाहीत. सुरुवात दोनशे तीनच्या काकींपासून. त्या सातनंतर भेटतात.