बैठकीबाहेरचा लांडगा

कोहका, कुरुद, जामुल ही भिलईतली नावे घेतली की आज डोळ्यांपुढे वस्ती येते, रस्ते येतात, सिमेंटची धूळ येते. पण छत्तीसगढचा शेतकरी जमिनीची जी नावे सांगतो, कन्हार, डोरसा, मटासी आणि भाठा, त्यांतले शेवटचे नाव पोलाद कारखान्याहून कितीतरी जुने आहे. भाठा म्हणजे उंचवट्यावरची लाल, मुरमाड जमीन. तिच्यात धान पिकत नाही. पावसाळ्यात थोडे गवत येते, त्यावर गुरे चरतात आणि उन्हाळ्यात ती भाजून निघते. मराठी माणूस तिला माळ म्हणतो, सरकारी कागद तिला पडीक म्हणतो. लांडगा हा या जमिनीचा प्राणी. घनदाट जंगल त्याला मानवत नाही. त्याला लांबवर पाहता येईल असे उघडे रान लागते, पिले घालायला एखादी घळ किंवा बीळ लागते आणि कळपाने पळवून पळवून दमवता येईल अशी शिकार लागते. या देशात आज सुमारे तीन हजार लांडगे उरले असावेत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे संख्येने तो वाघाच्याच पंगतीला बसला आहे. वाघ कमी झाला तेव्हा देश हळहळला, लांडग्याच्या बाबतीत तसे झाले नाही. याचे कारण मला शिकारीतच, आणि त्याहूनही शिकारीनंतरच्या बैठकीत सापडते. जो प्राणी शिकाऱ्यांनी एकमेकांना सांगितला, तो पुढे लोकांचा झाला; जो नुसता मारला, त्याला कोणी वाली उरला नाही.

इतिहासकार महेश रंगराजन यांनी इंग्रजी अमदानीतल्या बक्षिसांच्या नोंदी तपासून काढलेला हिशोब प्रसिद्ध आहे. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ८० हजारांहून अधिक वाघ, दीड लाखावर बिबटे आणि सुमारे २ लाख लांडगे मारले गेले. तिघांत सर्वात मोठा आकडा लांडग्याचा आहे. आता शिकारीची पुस्तके काढून बसा. फोर्सिथचे मध्य हिंदुस्थानातल्या डोंगराळ मुलखावरचे पुस्तक १८७१ चे, स्टर्न्डेलचे ‘सिवनी’ १८७७ चे. या आणि अशा पुस्तकांत मचाण आहे, हाका आहे, हत्तीवरून केलेला पाठलाग आहे. पण त्या सगळ्याचा मानकरी वाघ. त्याची लांबी नाकापासून शेपटीपर्यंत फीत लावून मोजली जाई आणि ती इंचांत सांगितली जाई. लांडग्याची लांबी कोण मोजणार? त्याला विष घालायचे, फासात धरायचे, बिळाच्या तोंडाशी धूर करून पिले घुसमटवायची, कातडे दाखवायचे आणि थोडकी रक्कम घेऊन घरी जायचे. वाघाचा मृत्यू कथेत गेला, लांडग्याचा खजिन्याच्या वहीत खर्ची पडला.

शिकाऱ्यांच्या बोलण्याला मी इतके महत्त्व का देतो, असे कोणी विचारील. ते बोलणे म्हणजे फुशारकी, मारण्याचेच कौतुक, असा आक्षेप आहे आणि त्यात तथ्यही आहे. पण शिकारी जेव्हा दुसऱ्या शिकाऱ्याला सांगतो, तेव्हा ऐकणारा कच्चा नसतो. वारा कुठून होता, माग ताजा होता की दव पडण्यापूर्वीचा, जनावर जखमी होऊन कोणत्या अंगाला वळले, हे तो विचारतो आणि थाप तिथेच उघडी पडते. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ जण जमले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली, ती मुळात अशाच टिपणांच्या देवघेवीसाठी. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे मराठी होते. १८८६ साली नियतकालिक सुरू झाले, त्याच्या पहिल्या संपादकांत हाच स्टर्न्डेल होता. बंदूक खांद्यावर असलेल्या माणसांनी एकमेकांना पाठवलेल्या टिपणांवर आपल्याकडच्या वन्यजीवशास्त्राचा बराचसा पाया उभा आहे. हे मान्य करायला जड जाते, पण ते खरे आहे.

आणि ती बैठक फक्त वाहवा करत नव्हती. याचा दाखला छत्तीसगढमधलाच आहे. १९४७ साली कोरिया संस्थानचे महाराजा रामानुज प्रताप सिंह देव यांनी रात्रीच्या वेळी मोटारीच्या उजेडात तीन चित्ते मारले. तिन्ही नर, एकमेकांच्या जवळ बसलेले. मारलेल्या चित्त्यांसह महाराजांचे छायाचित्र त्याच मुंबईच्या नियतकालिकाकडे गेले, जणू बैठकीत नेहमीसारखी शाबासकी मिळेल. संपादकांनी ती हकीगत छापली, पण शाबासकीसाठी नव्हे. हे आम्ही दोषारोप म्हणून छापत आहोत, असे त्यांनी सोबत स्पष्ट बजावले. ज्या वर्तुळात बंदुकीचा मान होता, त्याच वर्तुळाने बंदुकीला जाब विचारला. देशातल्या चित्त्यांची ही शेवटची खात्रीशीर नोंद मानली जाते.

इथे माझ्याच म्हणण्याला अडचण येते. चित्त्याची कथा होती, तरी चित्ता वाचला नाही. १९५२ साली तो नामशेष झाल्याचे जाहीर झाले. मग कथेने काय साधले? माझे उत्तर असे की कथेने त्याची जागा रिकामी आहे हे लोकांना विसरू दिले नाही. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ चित्ते कुनोत आणले गेले, ते सत्तर वर्षे टिकलेल्या आठवणीवर. उद्या भाठ्यावरचा शेवटचा लांडगा मेला, तर त्याची जागा रिकामी झाल्याचे तरी कोणाच्या ध्यानात येईल का? वाघाचा आकार आणि रूपच असे की त्याची कथा होणारच, असाही युक्तिवाद होतो. पण रूप पाहायला डोळे तयार व्हावे लागतात. किपलिंगने १८९४ साली याच मध्य प्रांतातल्या सिवनीच्या रानात लांडग्यांचे कुटुंब रंगवले, त्यांची सभा भरवली, त्यांना कायदा दिला, आणि जगभरची मुले त्यांच्या म्होरक्यावर, अकेलावर, जीव टाकू लागली. आपल्या भाषेने मात्र लांडग्याला दिली ती लांडगेतोड.

सर्वात मोठा आक्षेप पोराबाळांचा आहे, आणि तो सहज बाजूला सारण्यासारखा नाही. १९९६ साली पूर्व उत्तर प्रदेशात प्रतापगड, सुलतानपूर, जौनपूर या भागात लांडग्याने मुले उचलली. २०२४ मध्ये बहराइचमध्ये पुन्हा तेच घडले. ज्या आईचे मूल गेले तिला लांडग्याची महती सांगायला कोणी जाऊ नये. पण अशा वेळी लागते ती नेमकी ओळख: हल्ला करणारे जनावर कोणते, किती, कोणत्या वाटेने येते, कुठे दबा धरते. लांडगा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे; तरी माणसाच्या जिवाला धोका ठरलेल्या प्राण्याला पकडता येत नसेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक त्याला मारण्याची लेखी परवानगी देऊ शकतो, अशी सोय त्याच कायद्यात आहे. कायद्याला नेमका एक दोषी प्राणी हवा असतो. माग वाचणारा माणूस नसेल तर गाव हाताला लागेल तो मारतो, कोल्हासुद्धा, आणि दोषी मोकळाच राहतो.

माग वाचणारी माणसे आपल्याकडे होती. फासेपारधी होते, ज्यांना १८७१ च्या कायद्याने सुरू झालेल्या व्यवस्थेत जन्मतःच गुन्हेगार ठरवले गेले. धनगर होते, रात्री वाघरीत मेंढरे कोंडून कुत्र्यांच्या भुंकण्यातला फरक ओळखणारे: हे भुंकणे अनोळखी माणसावर आहे की लांडग्यावर. त्यांच्या शेकोटीभोवती लांडग्याच्या गोष्टी झाल्याच असतील. पण ती बैठक मुंबईच्या बैठकीला जोडलेली नव्हती, तिचे टिपण कोणी मागवले नाही. वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली पारध्यांकडे आणि आदिवासींकडे शिकायला बसले, म्हणून थोडेबहुत कागदावर आले. सोलापूरजवळच्या नान्नजला १९९० च्या दशकात लांडग्यांचा रीतसर अभ्यास झाला. काळवीट आणि मेंढरू यांच्यातून तो काय निवडतो हे तिथे तपासले गेले. म्हणजे ज्ञानाला सुरुवात झाली ती जनावर जवळजवळ संपल्यावर. खास लांडग्यांसाठी राखलेले महुआडांड़ अभयारण्य १९७६ साली झाले, छत्तीसगढच्या सीमेला लागून. वन्यजीवांची आवड असणाऱ्यांतही त्याचे नाव किती जणांना ठाऊक आहे?

शिकार पुन्हा सुरू व्हावी असे मी अजिबात म्हणत नाही. ते दार बंद झाले आणि ते बंदच राहावे. मला हवी आहे ती बैठक. पुणे जिल्ह्यात वन विभागाने कडबनवाडी आणि शिर्सुफळच्या माळांवर गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. लोक पहाटे गाडीतून जातात आणि कुसळांच्या गवतात दोन कान दिसतात का ते पाहतात. कधी लांडगा दिसतो, कधी दिवस नुसता चिंकाऱ्यांवर निभावतो. परतताना ते एकमेकांना सांगतात: केवढा होता, कुठे वळला, आपल्याकडे पाहून थांबला की चालत राहिला. त्या गाडीत मेंढपाळाला जागा द्यावी, समोरच्या सीटवर. पाऊल कुत्र्याचे आहे की लांडग्याचे हे तो खाली उतरून सांगेल. पुण्याच्या आसपास आता लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झालेली जनावरेही आढळली आहेत, त्यामुळे हा प्रश्न यापुढे त्याला रोज विचारावा लागणार आहे.