डोंगर एक की दोन?

सरासरी हा आपल्या ऑफिसातला सगळ्यात लाडका शब्द आहे. सरासरी पगारवाढ, सरासरी कॉल टाइम, सरासरी अमुक, सरासरी तमुक. पण अलीकडे सरासरीचंही प्रमोशन झालंय. आता पीपीटीत नुसता आकडा नसतो, एक छानसा गुळगुळीत डोंगर असतो. निळ्या रंगात भरलेला, कडा मऊ, बघताक्षणी विश्वास बसावा असा. या डोंगराचं खरं नाव कर्नेल डेन्सिटी एस्टिमेशन. लाडाने केडीई. गेली काही वर्षं माझं पोट या असल्या डोंगरांवरच चालतं, म्हणून त्यांच्याबद्दल चार गोष्टी सांगते. कारण असाच एक डोंगर आमच्या रात्रीच्या कॅबच्या मुळावर उठला होता.

आधी हा डोंगर तयार कसा होतो ते बघा. रांगोळीची पट्टी आखलीय असं समजा. तुमच्याकडे असलेल्या प्रत्येक आकड्याच्या जागी रांगोळीची एकेक चिमूट सोडायची. जिथे आकडे जवळजवळ, तिथे चिमटी एकमेकींवर पडून ढीग उंच होतो. बस्स, हाच केडीई! मरे रोझेनब्लाट यांनी १९५६ मध्ये आणि इमॅन्युएल पार्झेन यांनी १९६२ मध्ये त्याचं गणित मांडलं. सगळी गोम आहे ती चिमूट किती पसरट सोडायची यात. त्याला म्हणतात बँडविड्थ. फार बारीक चिमूट, तर डोंगराऐवजी कंगवा दिसतो. फार पसरट, तर सगळे डोंगर एकमेकांत मिसळून एकच टेकाड उरतं.

अमेरिकेच्या यलोस्टोन पार्कात ‘ओल्ड फेथफुल’ नावाचा गिझर आहे. बाथरूममधला नव्हे, जमिनीतून गरम पाण्याचे फवारे उडवणारा. त्याच्या २७२ फवाऱ्यांचा डेटा ‘आर’ या सॉफ्टवेअरमध्ये आयताच मिळतो. फवाऱ्याची सरासरी वेळ साडेतीन मिनिटं. पण डोंगर काढला की दिसतात दोन, एक दोन मिनिटांपाशी आणि दुसरा साडेचारच्या आसपास. म्हणजे सरासरी येते ती नेमकी दोन डोंगरांच्या मधल्या उतारावर! ‘आर’ इथे स्वतःहून ०.३३ मिनिटांची बँडविड्थ घेतो. बर्नार्ड सिल्व्हरमन यांच्या १९८६ च्या पुस्तकातला हा अंगठेनियम. तीच बँडविड्थ चौपट केली, तर दोन डोंगरांचा एक होतो. शिवाय आलेख डावीकडे उणे २.४ मिनिटांपर्यंत जातो. फवारा सुरू व्हायच्या आधीच संपला म्हणे!

आता आमच्या कॅबकडे येऊ. ऑफिस हिंजवडीत, शिफ्ट रात्री अकराला सुटते. दोन गाड्या असतात. गाड्यांचा हिशोब बघणाऱ्या बाहेरच्या एका एजन्सीने तीन महिन्यांच्या साधारण चारशे ड्रॉपचा केडीई काढून दिला. शिखर ४२ मिनिटांवर. खाली ओळ : बहुतेक कर्मचारी पाऊण तासात घरी. आणि त्याखाली सूचना : एक गाडी पुरेशी आहे.

मी औंधला राहते, मला पंचवीस मिनिटं लागतात. पण माझ्या शेजारच्या डेस्कवरची मैत्रीण हडपसरची. स्लाइड बघून ती हळूच म्हणाली, ‘‘चार वर्षांत मी एकदाही पाऊण तासात घर पाहिलेलं नाही गं. एक गाडी झाली तर आई म्हणेल, नोकरी सोड.’’

ही गोष्ट कोणत्याच स्लाइडवर नव्हती. ॲडमिनच्या सरांना मी म्हटलं, मूळ शीट द्याल का? ते म्हणाले, ‘‘अगं, बघ की. पण ग्राफ तर किती स्मूथ आलाय!’’

मला खटकलं होतं ते तेच. डोंगर डावीकडे शून्यावर कापलेला होता आणि तिथे त्याची उंची शिखराच्या निम्म्याहून जास्त होती. याचा अर्थ काय, तर गाडीत बसल्या बसल्या शून्य मिनिटांत घरी पोचणारी भरपूर मंडळी आमच्या ऑफिसात आहेत! कापलेला भाग उणे मिनिटांत गेलेला. डेटा शून्याच्या खाली जाऊच शकत नसताना डोंगर तिकडे ऐसपैस सांडत असेल, तर पहिला संशय बँडविड्थवर घ्यायचा.

एजन्सीतल्या मुलाला फोन केला. मुलगा अगदी सरळ होता. म्हणाला, ‘‘मॅडम, मी तर मुद्दाम बारीक ठेवलीय. बँडविड्थ एक मिनिट.’’ कशात काढलंस विचारलं, तर पायथनमधल्या ‘सायपाय’ लायब्ररीत. तिथेच घोळ होता. ‘आर’मध्ये बँडविड्थ १ म्हणजे खरोखर १ मिनिट. सायपायच्या गॉशियन केडीईमध्ये मात्र तुम्ही दिलेला आकडा हा गुणक असतो. तो डेटाच्या स्टँडर्ड डेव्हिएशनने गुणला जातो. आमच्या डेटाचं स्टँडर्ड डेव्हिएशन होतं ३३ मिनिटं. म्हणजे त्याने मागितली एक मिनिटाची चिमूट आणि मशिनने ओतली ३३ मिनिटांची परात! त्याने तो आकडा दिलाच नसता, तर सायपायने आपणहून साधारण दहा मिनिटं घेतली असती. एरर नाही, वॉर्निंग नाही. डोंगर सुंदरच आला.

मी तोच डेटा ‘आर’मध्ये घातला. पहिल्याच फटक्यात लाल अक्षरं. काही वेळा गायब आहेत म्हणून प्रोग्रॅम थांबला. यावर सोपा इलाज असतो : गायब नोंदी वगळ, असं एका शब्दात सांगायचं. एरर जातो. पण वगळण्याआधी त्या कोण आहेत हे बघावं. बावीस ओळी रिकाम्या होत्या, बहुतेक सगळ्या शेवटच्या ड्रॉपच्या. ड्रायव्हरदादा शेवटच्या माणसाला सोडून थेट घर गाठतात, वेळ कोण लिहिणार? म्हणजे जे सगळ्यात उशिरा पोचतात, तेच आलेखातून आधी बाहेर. गेटच्या रजिस्टरवरून आणि सोसायट्यांच्या वॉचमनकडून मैत्रिणीने त्यातल्या सोळा वेळा मिळवल्या.

दुसरी अडचण गोल आकड्यांची. बऱ्याच नोंदी साडेअकरा, बारा, साडेबारा अशा ठोक. ‘आर’च्या मदतीच्या पानावर सिल्व्हरमनपेक्षा शीदर आणि जोन्स यांची १९९१ ची पद्धत बरी, असा सल्ला आहे आणि एरवी तो चांगलाच आहे. पण एकसारखे आकडे ढिगाने असले की ती पद्धत फसते. बँडविड्थ इतकी बारीक निवडते की डोंगराला दात फुटतात. म्हणून इथे सिल्व्हरमनच बरे. त्यांनी दिली नऊ मिनिटं.

आणि डोंगर निघाले दोन. एक तिशीत : वाकड, बाणेर, औंध. दुसरा ९५ मिनिटांवर : हडपसर, उंड्री, वाघोली. मध्ये जवळजवळ मोकळं मैदान आणि एजन्सीचं शिखर नेमकं त्याच मैदानाच्या काठावर! मी बँडविड्थ अर्धी करून पाहिली, दुप्पट करून पाहिली. डोंगर दोनच राहिले. ही तपासणी महत्त्वाची. एकाच सेटिंगला दिसणारा डोंगर हा सेटिंगचा असू शकतो. सगळीकडे टिकतो तो डेटाचा.

मीटिंगमध्ये एचआरच्या मॅडमनी वेगळाच प्रश्न काढला. उभ्या अक्षावर शिखर ०.००८ होतं. ‘‘म्हणजे एक टक्कासुद्धा लोक नाहीत?’’ नाही हो. केडीईची उंची म्हणजे टक्केवारी नव्हे, टक्केवारी असते डोंगराखालच्या क्षेत्रफळात. मिनिटांऐवजी तास लिहिले तर तेच शिखर ६० पट उंच होतं, ०.४८. म्हणून मी उंचीचा नाद सोडला आणि सरळ सांगितलं : दर पाचातले दोन जण दुसऱ्या डोंगरावर राहतात. एक गाडी केली तर ते आणखी उशिरा पोचतील.

खोलीत थोडा वेळ शांतता. सर म्हणाले, ‘‘मग हे पाऊण तासवाले आहेत कोण?’’ मैत्रीण म्हणाली, ‘‘कुणीच नाही सर.’’

दुसरी गाडी राहिली. आता ती फक्त पूर्वेकडच्या मंडळींना घेऊन जाते, वाटेत वाकड-औंध करत नाही. दुसरा डोंगर नाहीसा झाला नाही, पण ७० मिनिटांपर्यंत सरकलाय. मैत्रीण अजून आमच्याकडेच आहे. एजन्सीच्या मुलाने त्याच रात्री सुधारित आलेख पाठवला आणि आता तो प्रत्येक आलेखाखाली बँडविड्थ मिनिटांत लिहितो.

तर मंडळी, तुमच्या ऑफिसातही असे डोंगर येतच असणार. कधी इन्सेंटिव्हचे, कधी रेटिंगचे, कधी लंच ब्रेकचे. कोडिंग येत नसलं तरी चार गोष्टी विचारता येतात. बँडविड्थ किती आणि कुठल्या युनिटमध्ये? अर्धी-दुप्पट केली तर काय दिसतं? डोंगर अशक्य जागी सांडतोय का? आणि किती नोंदी वगळल्या, कुणाच्या? एवढंही जमलं नाही, तर इतकंच म्हणा की डोंगराखाली प्रत्येक नोंदीचा एकेक ठिपका मारून दाखवा. ‘आर’मध्ये त्यासाठी ‘रग’ नावाचं फंक्शन आहे, दोन सेकंदांचं काम. मग त्या ठिपक्यांमध्ये स्वतःला शोधा.