एकदाच चाललेली

आळंदीला माउलींच्या समाधीचं दर्शन झालं, इंद्रायणीत पाय बुडवून झाले, की लगेच परतीची गाडी धरू नका. गावात हिला भेटायचं राहिलंय. ही भिंत. हिला स्वतःचं नाव नाही. 'ज्ञानेश्वरांनी चालवली ती भिंत' एवढीच ओळख ती सांगते, पण सांगताना केवढी ताठ होते बघा!

भिंतीची जात मुळात बैठी. एकदा पाया धरला की जन्मभर हलायचं नाही, हाच त्या जातीचा कुळाचार. हिनं तो एकदाच मोडला, तेराव्या शतकात. त्या एका फेरफटक्यावर ती सातशे वर्षं तोरा मिरवते आहे, आणि मला तो तोरा मनापासून आवडतो.

हिचा मोठेपणा मात्र चालण्याच्याही आधीचा आहे. ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत संन्यास सोडून पुन्हा संसारात आले, म्हणून गावानं त्या घराला वाळीत टाकलं. आईबाप देहान्त प्रायश्चित्त घेऊन गेले. मागे राहिलेल्या निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता या चार पोरांना मुंजीसाठी शुद्धिपत्र हवं, तर पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे उभं राहायची वेळ आली. 'संन्याशाची पोरं' म्हणून दारं लागत होती, तेव्हा हिनं कुणाला गोत्र विचारलं नाही. या, बसा. थंडीच्या सकाळी चौघं तिच्यावर पाय सोडून उन्हाला बसत. मुक्ता सगळ्यांत धाकटी, तिचे पाय सगळ्यांत उंच लोंबत असणार.

आता समोरच्या बाजूचे पाहुणे. चांगदेव महाराज, राहणार तापीकाठ. योगबळानं काळाला चौदाशे वर्षं दारातून परत पाठवलेले. आळंदीच्या या पोरांची कीर्ती कानावर आली आणि महाराजांना पत्र लिहावंसं वाटलं. पण मायना काय घालावा? वयानं पाहावं तर ही नातवंडांची नातवंडं, म्हणून 'चिरंजीव' लिहावं; ज्ञानानं पाहावं तर 'तीर्थरूप' लिहावं लागेल, आणि तेवढं मान लवेना. शेवटी कोराच कागद धाडला. मुक्तेनं तो उलटापालटा करून पाहिला आणि निकाल दिला, की चौदाशे वर्षं जगून हा कोरा तो कोराच राहिला. निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानदेवांनी त्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचं उत्तर पाठवलं. तीच 'चांगदेव पासष्टी'.

उत्तर वाचून तरी महाराजांनी साधेपणानं यावं! पण आले ते वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक, मागे शिष्यांचा लवाजमा. आळंदीची माणसं घरात शिरली आणि कड्या लागल्या. भिंतीला कड्या नसतात. ती जागची हलली नाही. पोरं अंगावर बसलेली होती ना.

पुढचा क्षण नीट पाहा, कारण चित्रवाल्यांनी तो नेमका इथेच बिघडवला आहे. ते एकीकडे डरकाळी फोडणारा वाघ काढतात आणि दुसरीकडे चाल करून येणारी भिंत, म्हणजे जणू कुस्तीच लागली आहे. कथेत तसं काही नाही. थोर योगी दारी येतो आहे, त्याला सामोरं जायला हवं, एवढाच विचार चौघांनी केला. जवळ वाहन नव्हतं. बसले होते त्या भिंतीवर ज्ञानोबांनी हात थापटला आणि म्हणाले, चल. ती निघाली. पाहुण्याला वेशीवरून घरी आणायला निघाली. चांगदेवांच्या चौदाशे वर्षांच्या तपाला पुरून उरलं ते हे अगत्य. वाघ कितीही भयंकर असला तरी जिवंत प्राणी. त्याला पाय असतात, भीती असते, तो वश होतो. भिंतीला भीती घालणार कशी? महाराज खाली उतरले, सापाचा चाबूक गळून पडला आणि त्यांनी त्या पोरांपुढे लोटांगण घातलं. पुढे त्यांनी गुरू केला तो मुक्ताईला, कोऱ्या कागदावर बोट ठेवणाऱ्या त्या धाकटीला.

भिंत त्यांना हरलेला म्हणत नाही, आणि तिचं बरोबर आहे. पासष्टीतही कुठे जिंकल्याची भाषा नाही. मीठ पाण्याची खोली मोजायला आत शिरलं तर मोजायला उरतं कोण, अशा प्रेमानं ज्ञानदेव त्यांना समजावतात. तुझ्यामाझ्यात दोनपणच नाही म्हटल्यावर झुंज कुणाची कुणाशी?

हिचे नातेवाईक दूरदूर आहेत. सूफी संतांच्या कथांतही एक जण वाघावरून येतो आणि दुसरा भिंतीवर बसून त्याला सामोरा जातो. हिला त्याचा हेवा नाही. सिनेमाचं मात्र तिला भारी कौतुक. 1940 साली प्रभातच्या दामले-फत्तेलालांनी 'संत ज्ञानेश्वर' काढला, शाहू मोडक ज्ञानेश्वर झाले आणि हिचं चालणं पडद्यावर आलं. आळंदीच्या बाहेर न पडता ती गावोगावच्या थेटरांत पोचली.

शंकेखोरांवर ती रागावत नाही. भिंत म्हणजे जड देह, असा अर्थ सांगणाऱ्यांनाही ती बसायला जागा देते. तिला राग येतो तो एकाच गोष्टीचा: तिच्यापुढे उभं राहून कुणी मुलांना वाघाचीच गोष्ट रंगवून सांगू लागलं की.

ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी पंढरीकडे प्रस्थान ठेवते आणि हिला मागे राहावं लागतं. त्याचं उट्टं ती कार्तिकात काढते. वद्य त्रयोदशीच्या समाधी सोहळ्याला वारकरी लोटतात, कीर्तनं उभी राहतात आणि चांगदेवांची गोष्ट निघते. भिंत किती चालली? एक बुवा तिला चार पावलं चालवतात, दुसरे पार वेशीपर्यंत नेतात, तिसऱ्यांची तर मृदंग थांबेपर्यंत थांबत नाही. ती कुणालाच अडवत नाही; बुवा नेतील तिथवर जाते.