दप्तरासुर

५ नोव्हेंबर
मराठी रंगभूमी दिन. गुरुनानक जयंतीची सुट्टी, त्यामुळे फळ्यावरचं लेखन उद्यावर. आज त्रिपुरारी पौर्णिमा. जत्रा सुरू झाल्या की मुलं वर्गात झोपतात, असं स्टाफरूममध्ये ऐकलंय. संस्थेने इकडे पाठवल्यानंतरचा हा माझा पहिला जत्रांचा हंगाम.

६ नोव्हेंबर
परिपाठात विष्णुदास भावे. १८४३, सांगली, 'सीता स्वयंवर'. पाच मिनिटांत आटपलं.
नववी ब मधल्या स.ने हात वर केला. "सीता कोण झालेली, बाई?"
पुरुषच, मी म्हटलं.
मागून एकजण: "हिच्या बापाशीसारखो!" हशा. ती हसली नाही. चिडलीही नाही.

७ नोव्हेंबर
बालनाट्य स्पर्धेचं पत्र आलं. जानेवारीचा पहिला आठवडा. वेळ ३५ मिनिटं. संहितेच्या तीन प्रती महिनाभर आधी.
मोठ्या बाई: "पर्यावरण घ्या. नाहीतर मोबाइल."

१० नोव्हेंबर
निवड. सगळे ताठ उभे, हात मांडीला चिकटलेले, नजर पंख्यावर. वक्तृत्व स्पर्धांनी मुलांचं काय करून ठेवलंय! "आदरणीय व्यासपीठ" तेवढं म्हणायचं बाकी.
स.ला आईची भूमिका वाचायला दिली. स्वच्छ वाचली. कागद परत देताना म्हणाली, "बाई, माका संकासुर करूचो आसा."
संहितेत संकासुर नाही, म्हटलं.
"मोबाइल आसा मां? तोच संकासुर."

११ नोव्हेंबर
ग्रंथालयाच्या कपाटात मतकरी. 'अलबत्या गलबत्या'ला वाळवी लागायची बाकी आहे. त्यातली चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी केली आणि घराघरांत पोचवली. बाप्याने बाई केली की आपल्याकडे कौतुक. उलटं झालं की चौकशी.

१४ नोव्हेंबर
बालदिन. मोठ्यांची भाषणं.

१५ नोव्हेंबर, शनिवार (खरं तर रविवारची पहाट)
जत्रेला गेले. पालखी फिरून झाल्यावर, मध्यरात्रीनंतर दशावतारी नाटक उभं राहिलं. पडदा नाही, नेपथ्य नाही. एक बाक. तोच सिंहासन, तोच डोंगर. बाजूला पेटी, पखवाज, झांज.
आधी आडदशा. गणपती, सरस्वती, भटजी, मग संकासुर. देव पुस्तकी मराठी बोलतात, संकासुर मालवणी. वेद चोरणारा हा राक्षस. आल्या आल्या त्याने गावातल्या खड्ड्यांवरून सरपंचांना धरलं. सरपंच पहिल्या रांगेत. तेच सगळ्यात मोठ्याने हसत होते.
मग आख्यान. संहिता नसतेच. संध्याकाळी कथा सांगायची, भूमिका वाटायच्या, पुढचं ज्याचं त्याने रंगमंचावर बघायचं. मी बी.एड.ला 'नाट्यीकरण' शिकले. सात पायऱ्या होत्या. एकही आठवेना.
राणी झाले होते ते स.चे वडील. मध्येच मी पाणी प्यायला मागे गेले, तेव्हा देवळाच्या पडवीत डोकावले. प्रत्येक नट आपापल्या आरशासमोर. स. तिथेच, तोंडात पिना धरून. वडिलांच्या नऊवारीचा काष्टा सुटला होता, तो त्यांनी स्वतःच आवळला, तिने फक्त पीन दिली. न बोलता. कुठली, तेही न विचारता.
चारच्या सुमाराला राणी वनवासाला निघाली. माझ्या शेजारची म्हातारी पदराने डोळे पुसत होती. तिला तो नट रोज बाजारात भेटत असणार.
उजाडता दहिकाला. झोप नाही.

१७ नोव्हेंबर
मोबाइलची संहिता कपाटात. मुलांना म्हटलं, एका असुराने वेद चोरले ही गोष्ट तुम्हाला माहीत आहे. आज समजा त्याने सगळ्या शाळेची दप्तरं चोरली. करा.
दहा मिनिटं कुणी काही केलं नाही. मग ग. म्हणाला, "बरा झाला! खांदो दुखायचो रवलो." आणि सुटले. जी मुलगी हजेरीलाही पुटपुटते, तिने असुराची खणखणीत उलटतपासणी घेतली. मालवणी सुरू झाली तसे हात मांडीपासून सुटले.

१९ नोव्हेंबर
स.चे वडील शाळेत आले. अंगात इस्त्रीचा सदरा, कानाच्या पाळीमागे रंगाची रेघ राहिलेली.
"बाईनू, नाटक करा. पण संकासुर नको. तो देवाच्या कामाचो." मंडळाच्या पेटाऱ्याची पूजा होते, त्यात गणपतीचा मुखवटा असतो, वगैरे समजावून सांगितलं. शांतपणे.
आणि स.ने काम करायला हरकत?
खिडकीबाहेर बघत राहिले. "मंडळात चेडवां नसतत."
ही शाळा आहे, मी म्हटलं. त्यावर काहीच बोलले नाहीत. चहाही घेतला नाही.

२० नोव्हेंबर
स.ला सांगावं कसं, या विचारात वर्गावर गेले. तिला माहीत होतं. "नाव बदलूया, बाई. काळो झगो नको, जीभ नको. दप्तरासुर म्हणा."

२१ नोव्हेंबर
दहावीच्या पूर्वपरीक्षेचे पेपर काढायचे राहिलेत. एकही काढला नाही.

२८ नोव्हेंबर
तालीम पोषण आहाराच्या शेडमध्ये. आमटीचा वास. मुलं रोज नवीन बोलतात. मी रात्री बसून आठवेल तेवढं उतरवते. आज उतरवलेलं त्यांना वाचायला दिलं. हात पुन्हा मांडीला.
कागद काढून घेतले.

५ डिसेंबर
संहिता जमा. तीन प्रती. मुलांनी ती अजून पाहिलेली नाही.

९ डिसेंबर
शेवटची एसटी चुकते म्हणून दोन आयांची तक्रार. रास्त आहे. तालीम मधल्या सुट्टीत. म्हणजे डबा खात खात नाटक. असुराच्या हातात चपातीचा रोल.

१२ डिसेंबर
शेडच्या दाराशी स.चे वडील. खांद्याला पिशवी, रात्री कुठेतरी प्रयोग. बराच वेळ उभे. मुलं ओरडत होती.
आत आले. "ओरडा नको. समोरच्याचा आयकूक व्हया. तेच्या बोलण्यातसून तुझा बोलणा येता." अडलं की वाजवणाऱ्याकडे बघायचं, तो ठेका देतो, तेवढ्यात सुचतं. आमच्याकडे पखवाज नाही. दहावीतला एकजण ढोलकी वाजवतो, त्याला त्यांनी शेजारी बसवून नजरेची खूण शिकवली.
सरस्वती झालेली मुलगी साडीला घाबरून चालत होती. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि शेडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून दाखवलं. पँटमध्ये. राणी चालली. पहिल्या दिवशी बापावरून हसलेला पोरगा तोंड उघडं टाकून बघत होता.
स.कडे एकदाही पाहिलं नाही. एसटी गेली. कुणाच्या तरी मोटरसायकलवरून गेले.

१५ डिसेंबर
स. आज चिडचिडी. दोनदा तालीम सोडून गेली. विचारलं नाही.

२० डिसेंबर
मोठ्या बाईंनी तालीम पाहिली. हसल्या. मग, "शेवटी बोध काय?"
दप्तरं परत मिळतात, मी सांगितलं.
"आणि मुलं?"
रडतात.
"रडतात?"

२९ डिसेंबर
ढोलकीवाल्याला गोवर म्हणे. नाही, साधा ताप. देव आहे.

३ जानेवारी
स्पर्धा. वडील आले नाहीत, प्रयोग होता. रंगाची पेटी आली होती, आरशासकट. माझं सामान मी पिशवीतून काढलंच नाही. स.ने आपला चेहरा स्वतः रंगवला, मग बाकीच्यांना म्हणाली, आपापलो करा.
ब्रह्मदेव तिसऱ्या मिनिटाला सगळं विसरला. माझ्या पोटात गोळा. स.ने ढोलकीकडे पाहिलं. ठेका. मग ब्रह्मदेवाभोवती एक फेरी मारून त्याला विचारलं, की वेद हरवलेत की तुझोच पाठ चुकलो? सभागृह कोसळलं. तिथून पुढे संहितेतलं जवळपास काहीच नव्हतं. परीक्षकांच्या चहाचाही उल्लेख झाला. घंटा वाजली तेव्हा असुर जिवंत होता.
वाजल्यावर आणखी थोडा जगला.

४ जानेवारी
निकाल. नाटकाला नंबर नाही. परीक्षकांचे शेरे: संहितेबाहेरील संवाद, वेळेचे उल्लंघन, प्रमाणभाषेकडे दुर्लक्ष. सगळं खरं. स.ला अभिनयाचं उत्तेजनार्थ.
गाडीत मुलं उत्तेजनार्थ शब्दाला चाल लावून गात होती.

८ जानेवारी
स.चे वडील आले. पुढच्या वर्षी दहावी. लोककलेचे वाढीव गुण असतात म्हणे, ते कसे मिळतात? मान्यताप्राप्त संस्थेचं प्रमाणपत्र लागतं, सांगितलं. कोणाच्या मंडळाचं आणणार?
बराच वेळ टोपी हातात फिरवली. "नियम वाचून दाखवा बघू पुरो." वाचला. पुन्हा वाचायला लावला. आज चहा घेतला.

१० जानेवारी
मोठ्या बाई: "२६ जानेवारीला तेच बसवा. दहा मिनिटांत."
स.ला सांगितलं. "धा मिन्टांत असुर मरणा नाय, बाई. वीस तरी व्हयी."